दहाव्या दिवशी वर येणारं नळकांडं

दर दहाव्या दिवशी सकाळी सुग्रीव घरामागच्या भिंतीवर अर्धी भाकरी ठेवत असे. तिच्यावर कधी पिठलं, कधी वांग्याची फोड, शेळी व्यालेली असली तर खरवसाची वडी. कावळा येऊन चोच मारून गेला, की सुग्रीव ओसरीवर बसायचा, मोबाइल उघडायचा आणि निळ्या नकाशावरचा एक पिवळा ठिपका शोधायचा. ठिपका मागच्या खेपेपेक्षा जरासा सरकलेला दिसला, की मोबाइल कपाळाला लावून खिशात टाकायचा आणि मेंढरं सोडायला उठायचा.

वाटेत कुणी भेटलं तर आपण होऊन सांगायचा, "भामा वर आलती सकाळी. बरी हाय."

भामाबाई त्याची बायको. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं.

पालीच्या धरणाच्या वरच्या अंगाला त्यांची वस्ती. तिथली माणसं एकमेकांचं दुःख जाणून होती, म्हणून कुणी सुग्रीवला हसलं नाही. शेजारच्या केशरबाईनं मात्र एकदा तोंडावरच विचारलं, "भावजी, डोस्कं ठिकाणावर हाय ना? मेलेलं माणूस कुठून वर यील?"

सुग्रीवनं तिला मोबाइल दाखवला. केशरबाईनं डोळे बारीक करून पाहिलं. "ठिपका हाय की निस्ता."

"ठिपकाच हाय वैनी. पर तिच्या नावाचा हाय."

हा ठिपका काय होता, ते सांगायचं तर बबितापासून सुरुवात करावी लागेल.

बबिता त्या दोघांची एकुलती एक लेक. बीडला डिप्लोमा झाला, पुढे हैदराबादला समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत तिला नोकरी लागली. काम यंत्रं दुरुस्त करण्याचं, आणि वर्षातले काही महिने जहाजावर. भामाबाईचा भाऊ भागवत म्हणायचा, "धनगराची पोर, मेंढरं मोजायची सोडून समुद्र मोजाया गेली." त्यात थोडा टोमणा होता नि थोडा अभिमानही. भामाबाईनं स्वतः समुद्र कधी पाहिला नाही. पण लिंबागणेशच्या बाजारात बायका भेटल्या की ती मुद्दाम विषय काढायची, "आमची बबी काय, जहाजावरच असती." आणि घरी येऊन डोळे पुसायची.

जहाजावरून बबिता पाण्यात नळकांडी सोडायची. सुग्रीवनं त्या यंत्राला हेच नाव दिलं होतं. माणसाच्या छातीइतकं उंच, पिवळं, डोक्यावर एक काडी. पाण्यात सोडलं की आपोआप बुडतं, खूप खोल जाऊन प्रवाहाबरोबर वाहत राहतं आणि दहाव्या दिवशी हळूहळू वर येतं. वर येताना पाणी कुठं किती गरम, किती खारट, त्यात प्राणवायू किती, बारीक शेवाळ किती, हे सगळं टिपत येतं. वर आलं की आकाशातल्या उपग्रहाला सांगून टाकतं आणि पुन्हा बुडी मारतं.

"शेवाळ कशापायी बघायचं?" सुग्रीवनं पहिल्यांदा विचारलं होतं.

"त्याच्यावर बारके जीव जगत्यात आबा, त्यांच्यावर मासे, माशांवर अजून मोठे."

"म्हंजी चारा कुठं हाय ते बघतंय नळकांडं."

"तसंच की."

"मंग सरळ तसं सांग ना. चारा जिथं, मेंढरं तिथं."

जगातल्या सगळ्या समुद्रांत अशी हजारो नळकांडी होती, नि ती तीसेक देशांनी मिळून सोडलेली होती. कुणी कुठंही सोडो, त्यानं सांगितलेलं सगळ्यांनी वाचायचं, कुणी काही लपवायचं नाही, असा त्यांचा नेम. हे मात्र सुग्रीवला पटत नव्हतं. "इथं एका पाटाचं पाणी चार भावांत न्हाई वाटता येत," तो म्हणायचा, "आन् तीस देश एक समुद्र मोजत्यात? कुणी तरी थापा मारतंय बबे तुला."

भामाबाई गेली तेव्हा बबिता अशाच एका जहाजावर होती. सकाळी शेळीची धार काढता काढता भामाबाई खाली बसली ती उठलीच नाही. गालात लवंग होती. दाढ दुखायची म्हणून ती कायम लवंग धरायची. टकळीवर लोकर कातत बोलायला लागली की लवंगेचा वास यायचा. बबिताला कळवलं, पण जहाज दक्षिणेला, किनाऱ्यापासून फार दूर होतं. ते परत फिरेपर्यंत माती कुणासाठी थांबते? लेकीनं मोबाइलच्या पडद्यावरच आईचं तोंड पाहिलं.

मग दहाव्याचा दिवस आला.

बिंदुसरा नदीच्या काठावर पिंड ठेवले. भावकी लांब जाऊन बसली. कावळे बाभळीवर होते, पण एकही खाली उतरेना. ऊन चढलं. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, बोला. एकानं मेंढरांचं सांगितलं, एकानं घराचं. कावळे ढिम्म. शेवटी भागवत पुढे झाला, हात जोडून मोठ्यानं म्हणाला, "अक्का, बबीची काळजी सोड. वर्षाच्या आत तिला समुद्रावरून काढतो आन् चांगलं घर बघून लगीन लावतो. तुझ्या भावाचा शब्द हाय!"

एक कावळा उतरला आणि त्यानं पिंडाला चोच मारली.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. सुग्रीव काही बोलला नाही. शब्द भागवतचा होता, पण पोरगी सुग्रीवची होती, त्यामुळे शब्दही त्याच्याच गळ्यात पडला. आणि खरं सांगायचं तर त्या वेळी त्याला बरंच वाटलं. घर खायला उठत होतं. लेक जवळ राहील, आठवड्याला तोंड तरी दिसेल, इतकंच त्याच्या मनात आलं.

त्याच दिवशी तिकडे जहाजावर जे घडलं, ते त्याला महिन्यानं, बबिता घरी आल्यावर कळलं.

जहाजावर फ्रान्सची माणसं होती, जपानची, श्रीलंकेची, टांझानियाची. बबितानं कुणाला सुट्टी मागितली नव्हती, की कुणापुढे रडलीही नव्हती. पण स्वयंपाकीण श्रीलंकेची. तिच्या लक्षात आलं की ही पोरगी जेवत नाही. दहाव्या दिवशी एक नळकांडं सोडायची पाळी होती. जहाजाची प्रमुख फ्रेंच बाई. तिनं विचारलं, तुमच्यात दहाव्या दिवशी काय करतात? बबितानं सांगितलं, पाण्याच्या काठी जातात. बाई म्हणाली, पाणी तर इथं भरपूर आहे. तिनं मार्कर बबिताच्या हातात दिला. बबितानं पिवळ्या नळकांड्यावर मराठीत लिहिलं, भामाबाई सुग्रीव, पाली. मग जपानी म्हाताऱ्यानं तोच मार्कर घेऊन त्याखाली आपल्या आईचं नाव लिहिलं. स्वयंपाकिणीनं आपल्या आईचं लिहिलं. टांझानियाचा जुमा म्हणून एक पोरगा होता, त्याची आई जिवंत होती. तो म्हणाला, जिवंत आईचं चालतं का? आणि त्यानंही लिहिलं. शेवटी त्या नळकांड्यावर कितीतरी आया झाल्या, आपापल्या लिपीत. जहाजाची इंजिनं थोडा वेळ बंद केली. बबितानं दोर सैल सोडला आणि भामाबाई पाण्यात गेली.

हे ऐकून सुग्रीव म्हणाला, "कोण कुठली माणसं गं." आणि त्यानंतर तीस देशांच्या थापांबद्दल तो कधी बोलला नाही. पुढच्या दहाव्या दिवसापासून भिंतीवर भाकरी ठेवायला लागला.

आता वर्षश्राद्ध आठवड्यावर आलं होतं. बबिता त्यासाठी घरी आली होती आणि श्राद्ध उरकलं की मोम्बासाच्या बंदरावरून पुढच्या सफरीला जहाजावर चढायची होती. भागवत रोज यायला लागला.

"दाजी, घाटनांदूरचं स्थळ हाय. पोरगा कारखान्यावर इंजिनिअर. लगीन मागाहून करू, पर वर्षाच्या आत सुपारी तरी फोडू. मी अक्काला शब्द दिलाय."

"बघू," सुग्रीव म्हणायचा.

"बघू काय बघू! पोरगी जहाजावर चढली की मंग काय दुर्बिणीतनं बघणार का?"

बबिता आतून म्हणायची, "मामा, दुर्बीण लागत न्हाई. मोबाइलवर दिसते मी."

"तू गप गं. मोठ्यांच्या बोलण्यात पडू नको."

"माझंच लगीन हाय ना मामा? का दुसऱ्या कुणाचं हाय?"

असं चाललं होतं, आणि त्यातच ठिपका आला नाही.

दहाव्या दिवशी सुग्रीवनं भाकरी ठेवली. कावळा खाऊन गेला. मोबाइल उघडला तर ठिपका जुन्याच जागी, टांझानियाच्या किनाऱ्याजवळ. दुपारी पाहिलं, संध्याकाळी पाहिलं. तसाच. दुसऱ्या सकाळी तो न जेवताच मेंढरांमागे गेला. परत आला तेव्हा त्याचं मनाशी ठरलेलं होतं.

"बबे, तू जाऊ नको."

बबिता भाकरी थापत होती. "कावून?"

"तुझी आई रागावली. वर्षभर यायची, आता शब्द पुरा करायची वेळ आली आन् आपण टाळाटाळ करतोय, म्हणून आली न्हाई."

"आबा, ते यंत्र हाय. बॅटरी जाती, काडी मोडती, किनाऱ्याला लागतं. माझ्या हातानं मी कितीतरी—"

"यंत्र मला कळतंय. पर त्याच्यावर नाव हाय."

बबितानं हातातली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "नाव मीच लिवलं आबा." आणि उठून बाहेर गेली. भाकरी करपली.

सुग्रीवनं ती करपलेली भाकरी खाल्ली. लेकीला दुखवल्याचं त्याला कळत होतं. यंत्र बंद पडलं की भामा रागावली, यातलं खरं काय ते त्यालाही नक्की माहीत नव्हतं. पण लेक घरी राहायला एक कारण मिळालं होतं, आणि ते सोडवत नव्हतं.

भागवतला कळलं तसा तो दुसऱ्याच दिवशी घाटनांदूरला फोन करून मोकळा झाला. "श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी पाव्हणे येत्यात," त्यानं जाहीर केलं.

बबितानं भांडण केलं नाही. तिनं सामान बांधलं नाही आणि बांधलेलं सोडलंही नाही. फक्त जुमाला निरोप धाडला. जुमा त्या सफरीनंतर आपल्या गावी, झांझिबारला गेलेला होता. नळकांड्याचा शेवटचा ठिपका पेंबा नावाच्या बेटाजवळचा होता, आणि ते बेट त्याच्या गावापासून बोटीच्या वाटेवर.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी दुपारी बबिताचा मोबाइल वाजला. ती ओसरीवर धावत आली. "आबा! सापडलं!"

सुग्रीव मेंढीच्या खुरातला काटा काढत होता. मेंढी सुटून पळाली. भागवत पत्रिका घेऊन बसला होता, तोही उठला. केशरबाई चुलीवरचं दूध तसंच सोडून आली.

पडद्यावर आधी जुमाचं हसरं तोंड दिसलं. मग त्यानं मोबाइल फिरवला. नारळाची झाडं, झावळ्यांनी शाकारलेलं घर, अंगणात चटयांवर काहीतरी तपकिरी वाळत घातलेलं. घराच्या आत, भिंतीशी, एका धुतलेल्या रंगीत कापडानं झाकलेलं नळकांडं उभं होतं. त्याच्यापुढे मातीच्या भांड्यात ऊद जळत होता. आणि शेजारी एक म्हातारी बसली होती, डोक्यावरून पदर घेतलेली, भामाबाईसारखीच गुडघा वर करून.

"ह्या बी आशा," बबितानं सांगितलं. "बी म्हंजी आपल्यात बाई म्हणतात तसं."

म्हातारी बोलायची, जुमा ते बबिताला इंग्रजीत सांगायचा आणि बबिता मराठीत. त्यामुळे प्रत्येक गोष्ट तीनदा व्हायची आणि हसू आलं तर तेही तीनदा.

बी आशाचा मुलगा मासेमारीला जायचा. ओहोटीच्या वेळी नळकांडं वाळूत आडवं पडलेलं त्याला दिसलं. गावातली पोरं त्याच्यावर दगड मारून बघत होती. मुलगा म्हणाला, यंत्र आहे, पोलिसांना सांगू. पण बी आशानं जवळ जाऊन पाहिलं तर त्यावर नावं लिहिलेली. सगळी तिला वाचता येईनात, पण एक वाचता आलं. जुमानं आपल्या आईचं लिहिलेलं. ते नाव तिच्याकडच्याच बायकांचं होतं. म्हणजे बाकीचीही बायांचीच असणार, असं तिनं ठरवलं. आणि मुलाला सांगितलं, घरी घे.

"नाव असलेली वस्तू उन्हात टाकून देऊ नये, असं त्या म्हणतात," बबितानं सांगितलं. मग तिला एकदम हसू फुटलं. "आबा, घरात ठेवलं ना त्यांनी, झावळ्यांखाली, वरून कापड! आकाश दिसंना म्हणून उपग्रहाला सांगता येईना. म्हणून ठिपका आला न्हाई!"

"म्हंजी रागावली नव्हती," सुग्रीव म्हणाला.

"पाव्हणचार घेत होती," केशरबाई म्हणाली. तेही तीनदा झालं, आणि तिकडे म्हातारी तोंडाला पदर लावून हसली.

सुग्रीवनं मोबाइल हातात घेतला. इतके दिवस तो कावळ्याला, भिंतीला, ठिपक्याला सांगत आला होता. "त्यांना सांग," तो म्हणाला, "माझ्या माणसाला तुमी घरात घेतलं. आमचं तुमचं नातं न्हाई, गोत न्हाई. तरी घेतलं. त्यांना सांग, मी..." आणि पुढं त्यानं दोन्ही हात जोडले. ते सांगायला जुमाची गरज पडली नाही.

बी आशा काहीतरी लांबलचक बोलली. मध्येच एक शब्द सुग्रीवला कळला. "दुनिया म्हणली ना ती?"

"हां. त्यांच्याकडंपण दुनियाच म्हणतात."

"काय म्हणली दुनियेचं?"

"दुनिया मोठी हाय, पण माणसं समुद्राच्या काठानंच राहत्यात, म्हणजे सगळी शेजारीच."

"आपण कुठं काठाला?" भागवत म्हणाला.

"बिंदुसरा कुठं जाती मामा? गोदावरीला. गोदावरी कुठं जाती?"

भागवतनं टोपी काढून डोकं खाजवलं.

मग म्हातारीनं भामाबाईची चौकशी केली. काय झालं होतं, लेकरं किती, स्वयंपाक काय करायची. सुग्रीव सांगत गेला. दाढदुखीचं आणि लवंगेचं सांगितलं तेव्हा बी आशा उठली, अंगणात गेली आणि चटईवरची मूठभर तपकिरी वस्तू पडद्यासमोर धरली. लवंगा होत्या. त्या बेटावर लवंगेचीच झाडं. सुग्रीव बघतच राहिला. भामाबाईच्या गालातली लवंग कुठल्या झाडाची होती, याचा विचार त्यानं आयुष्यात केला नव्हता.

जुमानं आपलं म्हणून थोडं सांगितलं. म्हातारीच्या मुलाला आता मोबाइलवर निरोप येतो, आज वारा मोठा आहे, जाऊ नको. तो निरोप काढायला ही नळकांडी लागतात, आणि असंच कितीतरी देशांचं कितीतरी सामान. भामाबाई ज्या पाण्यातून वर्षभर हिंडत आली, तिथं आसपास दुसरं नळकांडं नव्हतं.

"म्हंजी अक्कानं ह्यांच्या पोराला वाऱ्याचं सांगितलं?" भागवतनं विचारलं.

"तिनं एकटीनं न्हाई मामा. सगळ्यांनी मिळून."

शेवटी बी आशानं एक प्रश्न विचारला. जुमानं तो सांगितला. बबितानं तो पुढे मराठीत सांगितलाच नाही. "बरं, ठेवू आता," ती म्हणाली.

"काय म्हणली ती?" सुग्रीवनं विचारलं.

"काय न्हाई आबा. असंच."

"बबे. तीनदा सांगायची गोष्ट दोनदाच झाली. काय म्हणली म्हातारी?"

बबितानं खाली बघून सांगितलं, "नळकांडं तपासून पुन्हा पाण्यात सोडायचंय. जहाज तिकडूनच जाणार हाय. तर त्यांनी विचारलं, सोडायला लेक येणार ना? म्हणाल्या, मी सांभाळलं, पण पोचवायला लेकच पायजे."

केशरबाईचं दूध उतू गेल्याचा वास आला तशी ती धावली.

दुसऱ्या दिवशी श्राद्ध. तोच बिंदुसरेचा काठ, तीच बाभळ, तेच गुरुजी. पिंड ठेवले, माणसं लांब सरकली. कावळे झाडावर होते आणि उतरत नव्हते. जमलेल्यांत चुळबुळ सुरू झाली. भागवतनं टोपी सारखी केली आणि तो पुढे निघाला. "अक्का," त्यानं हात जोडले, "बबी आता कुठं बी—"

"भागवत, थांब."

सुग्रीव उठला होता. त्याला माणसांत मोठ्यानं बोलायची सवय नव्हती. मेंढरांना हाळी द्यायची तेवढाच त्याचा आवाज.

"मागच्या टायमाला तू बोललास, मी गप बसलो. तू तुझ्या बहिणीसाठी बोललास, तुझं चुकलं न्हाई. पर पोरगी माझी हाय, आज मी बोलतो." तो पिंडासमोर जाऊन उकिडवा बसला, घरात बसायचा तसा. "भामे, बबी चाललीय. तुला परत पाण्यात सोडायला चाललीय. मीच धाडतोय. आपलं माणूस गेलं तवा तिच्यासंगं जी माणसं उभी राहिली, त्यांच्यातनं तिला उचलून आणू कसं? तू रागव, न्हाई तर हस. लगीन तिला करायचं तवा करंल."

त्यानं बाभळीकडे पाहिलं नाही. गुरुजींना म्हणाला, "दर्भाचा करा."

"अजून थोडं थांबू की," गुरुजी म्हणाले. "वेळ आहे."

"न्हाई गुरुजी. कावळ्यावर टाकून बसलो म्हणून वर्ष गेलं. तुमी दर्भाचा कावळा करा, मी शिवतो."

गुरुजींनी दर्भाच्या काड्या पिळून, गाठ मारून कावळा केला. सुग्रीवनं तो स्वतःच्या हातानं पिंडाला शिववला. मग धूळ झटकून उठला आणि नदीत हात धुतले. बबिता लांब बायकांत उभी होती. तिनं डोळ्याला पदर लावला नाही, नुसती उभी राहिली. पण तिचे खांदे हलत होते.

भागवत जेवायच्या पंगतीत शेवटाला बसला आणि कुणाशी बोलला नाही. भात दुसऱ्यांदा मात्र घेतला. घरी परतताना तो सुग्रीवच्या बरोबरीनं चालायला लागला.

"दाजी," भागवत म्हणाला, "तुमी पाठ फिरवल्यावर आलता."

"कोण?"

"कावळा. शिवून गेला. मी बघितला."

सुग्रीवनं मेव्हण्याकडे पाहिलं. भागवत समोर रस्त्याकडे बघत होता. खरं की खोटं, ते सुग्रीवनं विचारलं नाही. खरं असलं तर भामाबाईचे उपकार, खोटं असलं तर भागवतचे. त्यानं फक्त मेव्हण्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"घाटनांदूरला मीच सांगतो," भागवत म्हणाला. "पोरगं चांगलं होतं हो पर."

बबिता निघायच्या सकाळी सुग्रीवनं पेटीतून एक घोंगडी काढली. भामाबाईनं शेवटच्या हंगामात कातलेल्या लोकरीची होती ती. टकळीवर राहिलेलं सूतसुद्धा त्यानं घोंगड्या विणणाऱ्या सणगराकडे नेऊन त्यात घालायला लावलं होतं. काळी, कडेला पांढरा पट्टा. वर्षभर ती कुणी अंगावर घेतली नव्हती.

"ही त्या बी आशाबाईला दे."

"आबा, तिथं लई उकाडा हाय. बारमाही घाम. घोंगडी काय करतील त्या?"

"अंथरून बसतील. बसायला थंडी लागत न्हाई." त्यानं घोंगडीची घडी तिच्या पिशवीत कोंबली. "आन् जहाजावरच्या त्या बाईला सांग. स्वयंपाकिणीला, जपानी बाबाला बी. आमच्याकडं द्यायला दुसरं काय न्हाई, पर इकडं कधी आले तर कोकराचं मटण हाय, भाकरी हाय. जुमाला म्हणावं, आईला घेऊन ये."

"जपानी काकांना तिखट चालत न्हाई."

"मंग तिखट कमी टाकू. त्यात काय."

बीडच्या स्टँडवर गाडी हलली तेव्हा बबितानं खिडकीतून हात काढला. सुग्रीवनं तो धरला आणि गाडीबरोबर चार पावलं चालून सोडला.

काही दिवसांनी बबितानं धाडलेला एक फोटो आला. अंगणात झाडाच्या सावलीत काळी घोंगडी अंथरलेली, तिच्यावर बी आशा गुडघा वर करून बसलेली आणि हातात झावळीचा पंखा. घामानं चेहरा चमकत होता, पण म्हातारी हलायला तयार नव्हती, असं बबितानं खाली लिहिलं होतं. दुसऱ्या फोटोत जहाजाचा कठडा, दोर आणि पिवळं नळकांडं. जुन्या नावांच्या खाली एक नवीन नाव होतं, वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलेलं. जहाजावर चढवण्याआधी म्हातारीनं मार्कर मागून घेतला आणि आपल्या आईचं लिहिलं.

त्यानंतरच्या दहाव्या दिवशी सुग्रीवनं भिंतीवर भाकरी ठेवली. भाकरीवर वांग्याची फोड, आणि फोडीत टोचलेली एक लवंग. ओसरीवर येऊन त्यानं मोबाइल उघडला. निळ्या नकाशावर, मोकळ्या समुद्रात, पिवळा ठिपका आला होता.

केशरबाई कुंपणापलीकडून म्हणाली, "आली का भामा?"

"आली वैनी. सगळ्या जणी आल्या."

मोबाइल कपाळाला लावून त्यानं खिशात टाकला आणि तो मेंढरं सोडायला गेला.